चेहऱ्यातलं इम्प्लांट मनासारखं झालं नाही: पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही

हनुवटीत, गालाच्या हाडावर किंवा जबड्याच्या कोनावर इम्प्लांट, म्हणजे आकार देणारा कृत्रिम तुकडा, बसवून घेतलं, आणि आरशात दिसणारा चेहरा मनातल्या चित्राशी जुळत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न हमखास हाच येतो: काढून टाकू की बदलून घेऊ? त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी, ती म्हणजे नेमकं बिघडलंय काय. इम्प्लांटचा आकार चुकला, बसवण्याची जागा चुकली, त्यावरचा स्नायू नीट शिवला गेला नाही, की मुळात तो प्रश्न इम्प्लांटने सुटणाराच नव्हता? चारही गोष्टींचे उपाय वेगळे आहेत, पण "बरं दिसत नाही" या तक्रारीत चारही सारख्याच ऐकू येतात. दोष मिलिमीटरमध्ये किंवा स्नायूचं नाव घेऊन सांगता येत नाही, तोवर दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

थांबायचं किती, आणि कधी अजिबात थांबायचं नाही

हाडावरचं आवरण उचलून त्याखाली इम्प्लांट बसवतात, त्यामुळे इथली सूज सावकाश उतरते. २-३ आठवड्यांत बरीचशी ओसरते, ६ आठवड्यांपर्यंत चेहरा ओळखीचा वाटू लागतो. पण कडा आणि कोन झाकून ठेवणारी शेवटची थोडी सूज जायला ६ महिने ते वर्ष लागतं. जबड्याच्या कोनावर ती जास्त रेंगाळते, कारण चावण्याचा जाड स्नायू, म्हणजे मॅसेटर, तिथे हाडापासून सोडवावा लागतो. दोन्ही बाजूंची सूज एकाच वेगाने उतरत नाही, म्हणून तिसऱ्या आठवड्यात दिसणारा डावा-उजवा फरक बहुतेकदा सुजेचाच असतो. खालच्या ओठाची बधिरता कमी व्हायला काही आठवड्यांपासून अनेक महिने लागू शकतात. हसताना ओढल्यासारखं वाटणं, हनुवटी कडक लागणं, हेही सुरुवातीच्या काही आठवड्यांत अपेक्षित असतं. याच काळात मनही खाली बसतं. घरात कोंडलेले दिवस, पातळ खाणं, अपुरी झोप, आणि त्यात आरशात अनोळखी चेहरा. या मनःस्थितीत घेतलेला "काढूनच टाका" हा निर्णय पुढे बोचतो.

म्हणून "मोठं वाटतंय", "छोटं वाटतंय", "अपेक्षेइतका फरक पडला नाही" अशा तक्रारींसाठी निदान ६ महिने थांबावं.

मात्र काही बाबतींत थांबणं हेच चुकीचं. आधी उतरलेली सूज पुन्हा वाढली, ठणका लागला, त्वचा लाल आणि गरम झाली, तोंडात घाण चव येऊ लागली, टाक्यांतून पू किंवा पाणी येतंय, ताप आहे, इम्प्लांटचा पांढरा भाग हिरडीजवळ उघडा पडलाय: त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं. जिभेखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, किंवा गालाच्या इम्प्लांटनंतर नजरेत फरक पडला, तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा. चेहऱ्यात जळजळ, विजेसारख्या कळा, हलक्या स्पर्शानेही वेदना, हेही वाट पाहण्याचं लक्षण नाही. साधी बधिरता बहुधा ओसरते. पण इम्प्लांटची कड किंवा स्क्रू मज्जातंतूवर दाबून बसला असेल, तर तो दाब लवकर काढला तरच फायदा होतो.

आणखी एक अपवाद लोकांना माहीत नसतो. इम्प्लांट सच्छिद्र पॉलिएथिलीनचं, म्हणजे बारीक छिद्रं असलेल्या प्लास्टिकचं, असेल आणि ते उघडउघड वाकडं बसल्याचं पहिल्या काही दिवसांतच स्कॅनवर दिसत असेल, तर ते पहिल्या १-२ आठवड्यांत सरळ करणं पुढच्या मानाने खूप सोपं असतं. नंतर त्याच्या छिद्रांत ऊती शिरतात आणि ते जागेवर धरलं जातं. म्हणजे आकाराबद्दलच्या नाराजीला ६ महिने द्यायचे, पण जागेबद्दलची खात्रीशीर चूक ६ महिने सांभाळत बसायची नाही.

फोटो आणि स्कॅन

आरसा उलटी प्रतिमा दाखवतो आणि सेल्फी वाकडी. ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक खऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात मांडलं होतं. दीड मीटरवरून ही विकृती जवळपास नाहीशी होते. याचा जबड्याशी थेट संबंध आहे. कॅमेरा जवळ असला की पुढे असलेलं नाक फुगतं आणि मागे असलेले जबड्याचे कोन आकसतात. त्यामुळे चांगलं बसलेलं कोनाचं इम्प्लांटही सेल्फीत अपुरं वाटतं, आणि माणूस आणखी मोठं मागायला जातो.

फोटो असे काढा: फोन दीड मीटरवर, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात किंवा स्टँडवर, दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स, उंची डोळ्यांच्या पातळीला. डोकं असं धरा की कानाच्या छिद्राचा वरचा काठ आणि डोळ्याच्या खोबणीचा खालचा काठ एका आडव्या रेषेत येतील. हनुवटी २ अंशांनी वर-खाली झाली तरी बाजूचा फोटो बदलतो, त्यामुळे हे काटेकोरपणे पाळा. समोरून, दोन्ही तिरप्या बाजूंनी, दोन्ही सरळ बाजूंनी आणि खालून वर, असे सहा फोटो. मग समोरूनच आणखी तीन: ओठ सैल सोडून, हसून, आणि दात आवळून. हे शेवटचे तीन सर्वांत बोलके असतात, कारण हाडाचा दोष तिन्हींत सारखा राहतो आणि स्नायूचा दोष बदलतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे फोटो शोधून शेजारी ठेवा. चेहरा मुळातच असमान होता, असं अनेकदा तिथेच कळतं. तयार मापाची डावी-उजवी जोडी असमान हाडावर बसवली की असमानता जाण्याऐवजी पुढे येते.

यानंतर सीटी स्कॅन. तो न करता आकाराबद्दल वाद घालणं म्हणजे नुसता अंदाज. १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, हाड आणि मऊ ऊती नीट दाखवणाऱ्या अशा दोन्ही विंडो (प्रतिमेच्या मांडण्या), आणि त्रिमितीय प्रतिमा मागा. फिल्म किंवा छापील अहवालावर समाधान मानू नका. मूळ डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनचा पूर्ण डिजिटल डेटा, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकवर घ्या, कारण दुसऱ्या सर्जनला मोजमाप त्यातूनच करता येतं. सिलिकॉन सीटीवर स्पष्ट दिसतं. पीक (PEEK) या कडक प्लास्टिकचं इम्प्लांट हाडापेक्षा फिकं, पण ओळखू येण्याइतकं दिसतं. सच्छिद्र पॉलिएथिलीन मात्र आजूबाजूच्या ऊतींत जवळजवळ मिसळून जातं, आणि स्क्रूच्या खुणांवरून जागा ताडावी लागते. अशा वेळी एमआरआय कामाला येतो. रेडिओलॉजिस्टला चिठ्ठीत "कोणतं इम्प्लांट, कुठे, कधी बसवलं" हे लिहून द्यायलाच हवं. नाहीतर अहवालात "हाडे सामान्य" एवढंच येतं.

स्कॅनवर चार गोष्टी मोजून घ्यायच्या: दोन्ही बाजूंच्या इम्प्लांटचं मध्यरेषेपासूनचं अंतर, हाडाच्या खालच्या काठापासूनची उंची, इम्प्लांट आणि हाड यांच्यात फट आहे का, आणि मज्जातंतू बाहेर पडतो त्या छिद्रापासून इम्प्लांटची कड किती दूर आहे. २ मिलिमीटरपर्यंतचा डावा-उजवा फरक समोरच्या माणसाला सहसा जाणवत नाही. ५ मिलिमीटरचा जाणवतो. मधल्या पट्ट्यात त्वचेची जाडी, दाढी आणि चेहऱ्याची मूळ असमानता यांवर ठरतं.

हनुवटी: दोष तीन, उपाय तीन

हनुवटीबद्दल तक्रारी सर्वाधिक आणि गोंधळही सर्वाधिक, म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिला दोष जागेचा. हनुवटीचं इम्प्लांट खालच्या काठाजवळच्या घट्ट हाडावर टेकलेलं असावं. ते वर सरकून दातांच्या मुळांसमोरच्या पातळ हाडावर गेलं, तर दोन गोष्टी होतात. खालच्या ओठाखालची खाच भरून जाते आणि हनुवटी फुगीर दिसते. शिवाय स्नायूच्या दाबाने इम्प्लांट हाडात रुतत जातं. हनुवटीच्या इम्प्लांटखाली हाड झिजतं हे १९६९ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. बहुतेकदा ही झीज थोडक्यात थांबते आणि काहीही करावं लागत नाही. पण इम्प्लांट वरच्या अंगाला असेल आणि झीज पुढच्या दातांच्या मुळांकडे सरकत असेल, किंवा ते दात थंडगार लागल्यावर नव्याने झिणझिणत असतील, तर वर्षभराच्या अंतराने दोनदा एक्स-रे काढून तुलना करावी. झीज वाढत असेल तर इम्प्लांट काढणं किंवा खाली घेणं भाग आहे, मग चेहरा आरशात कितीही छान दिसत असो.

कधी इम्प्लांट मध्यरेषेभोवती फिरतं आणि त्याचा एक पंख, म्हणजे बाजूला पसरलेलं टोक, वर जातो. बोट फिरवलं की जबड्याच्या कडेला एका बाजूला पायरी लागते. याचं कारण बहुधा एकच असतं: इम्प्लांटसाठी हाडावर केलेली पोकळी, म्हणजे आतला खिसा, गरजेपेक्षा मोठा झाला आणि इम्प्लांट स्क्रूने धरलेलं नव्हतं. उपाय सरळ आहे: तेच किंवा नवं इम्प्लांट नीट बसवून निदान २ टायटॅनियम स्क्रूंनी पक्कं करायचं. रिव्हिजनमधली, म्हणजे दुरुस्तीसाठी पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियांमधली, ही सर्वांत समाधान देणारी, कारण दोष स्पष्ट असतो.

दुसरा दोष मेंटॅलिस या स्नायूचा. खालच्या ओठाला वर उचलून धरणारा हा छोटा स्नायू ओठाच्या आतून चीर दिली की कापला जातो, आणि टाके घालताना तो पुन्हा मूळ उंचीवर हाडाकडे बांधावा लागतो. घाईत फक्त वरची श्लेष्मल त्वचा, म्हणजे तोंडातलं ओलसर अस्तर, शिवली गेली, तर ओठ खाली लोंबतो, हनुवटीचं मांस हाडावरून घसरतं, ओठ मिटायला जोर लावावा लागतो आणि तो लावला की हनुवटीवर खळगे उमटतात. ओळखण्याची रीत: दात हलके टेकवा, ओठ पूर्ण सैल सोडा, बाजूने आणि समोरून फोटो काढा. पूर्वी न दिसणारे खालचे दात आता दिसत असतील, तर दोष स्नायूचा आहे. इथे इम्प्लांट छोटं केलं किंवा काढलं तरी ओठ वर येत नाही. उलट काढल्याने मांस आणखी लोंबू शकतं. उपाय म्हणजे स्नायू मोकळा करून हाडाला छिद्रं किंवा छोटे अँकर लावून योग्य उंचीवर पुन्हा बांधणं. "इम्प्लांट मोठं झालं" अशी समजूत करून घेऊन नुसतं छोटं बसवण्याची चूक इथेच सर्वाधिक होते.

तिसरा दोष म्हणजे मुळातली निवडच चुकणं. खालचा जबडा मागे आहे, वरचे दात खालच्या दातांच्या बरेच पुढे येतात, ओठ मिटताना ताण येतो, अशा चेहऱ्याला इम्प्लांट फक्त पुढचं टोक देतं. जबडा जागेवरच राहतो, ओठाखालची खाच खोल होते आणि हनुवटी चिकटवल्यासारखी दिसते. हनुवटीची उंची कमी किंवा जास्त असेल, तर तीही साध्या इम्प्लांटने सुधारत नाही. अशा वेळी दुसरं, तिसरं, मोठं इम्प्लांट बसवत राहणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं. पर्याय दोन: हनुवटीचं हाड आडवं कापून पुढे किंवा वर-खाली सरकवणं, म्हणजे स्लायडिंग जिनिओप्लास्टी, किंवा दातांच्या तारांसह पूर्ण जबड्याची शस्त्रक्रिया. जिनिओप्लास्टीत काप मज्जातंतूच्या छिद्राच्या निदान ५ मिलिमीटर खालून जातो आणि हाड प्लेटने धरतात. जुनं इम्प्लांट त्याच भुलीत काढता येतं. ताणलेली जागा हाडाने भरली जाते, त्यामुळे मांस लोंबत नाही, आणि म्हणून काढून टाकायचंच ठरलेल्या मोठ्या इम्प्लांटसाठीही हा मार्ग विचारात घ्यावा.

आकाराचं गणित मात्र साधं आहे. हनुवटीत इम्प्लांट जितकं पुढे येतं, त्याच्या साधारण ८० ते ९० टक्के त्वचा पुढे येते. ७ मिलिमीटरचं काढून ५ चं बसवलं, तर दिसणारा फरक २ मिलिमीटरपेक्षाही कमी. एवढ्यासाठी पुन्हा भूल, पुन्हा चीर आणि पुन्हा जंतुसंसर्गाची जोखीम घ्यायची का, हे आकडा समोर ठेवून ठरवा.

जबड्याचा कोन, गाल, नाक

जबड्याच्या कोनावर सर्वांत त्रासदायक दोष स्थिर फोटोत दिसतच नाही. दात आवळले की मॅसेटर वर गोळा होतो आणि खाली, इम्प्लांटच्या कडेवर, खळगा पडतो. मॅसेटर जिथे जबड्याच्या खालच्या काठाला धरून असतो, तो पट्टा इम्प्लांट सरकवताना फाटला की असं होतं. जबडा खाली लांबवणाऱ्या इम्प्लांटमध्ये धोका जास्त. इम्प्लांट बदलून हे जात नाही. बाहेरून जबड्याखाली चीर देऊन स्नायू पुन्हा खाली ओढून बांधता येतो, पण तो आखडलेला असेल तर पूर्ण खाली येत नाही, आणि त्या वाटेवर खालचा ओठ हलवणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची शाखा असते. सौम्य दोषात खळग्यात चरबी किंवा फिलर (सुईने भरायचं जेल) भरणं आणि फुगणाऱ्या भागात बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, देणं, एवढ्यावर भागवणं जास्त शहाणपणाचं. बोलताना-हसताना जे दिसत नाही आणि फक्त दात आवळल्यावर दिसतं, त्यासाठी ओठाच्या हालचालीची जोखीम घेऊ नये असं मला वाटतं.

गालावर डावी-उजवी बाजू जुळवणं अवघड, कारण दोन स्वतंत्र खिसे दोन वेळा उचलावे लागतात आणि इम्प्लांट वक्र हाडावर सहज फिरतं. तिथेही स्क्रू नसणं हेच बहुतेक घसरणीचं मूळ. दुसरी नेहमीची गफलत जागेची: डोळ्याखालचा खळगा भरायचा होता आणि इम्प्लांट गालाच्या उंचवट्यावर बसवलं गेलं. मग गाल फुगतो, खळगा तसाच राहतो. डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या काठापासून १ सेंटिमीटरच्या आत वरच्या ओठाकडे जाणारा मज्जातंतू बाहेर येतो. वरचा ओठ किंवा नाकाची बाजू सतत जळजळत असेल तर स्कॅनवर तिथली कड आधी पाहावी.

नाकातल्या सिलिकॉनबद्दल थोडक्यात: शेंड्याची त्वचा पातळ, लाल, चकचकीत होत असेल किंवा इम्प्लांटची कड त्वचेतून पांढुरकी दिसत असेल, तर आवडी-निवडीचा प्रश्नच उरत नाही. छिद्र पडण्याआधी ते काढून घ्यावं. नंतर रचना स्वतःच्या कूर्चेने, बहुधा कानाच्या किंवा बरगडीच्या, उभी करतात.

काढणं म्हणजे मागे जाणं नव्हे

"वाटलं तर कधीही काढता येतं" हे वाक्य पहिल्या शस्त्रक्रियेआधी फार सैलपणे वापरलं जातं. काढता येतं हे खरं. पूर्वीचा चेहरा परत मिळेलच असं नाही. उशी काढून घेतली तरी ताणलेला अभ्रा ढिलाच राहतो, तसं त्वचा आणि स्नायूंचं होतं. इम्प्लांट छोटं, वय कमी, बसवून काहीच महिने झालेले, त्वचा जाड असेल तर ऊती चांगल्या आक्रसतात. मोठं इम्प्लांट १० वर्षांनी काढलं तर हनुवटीचं मांस लोंबतं, त्वचेवर खळगे पडतात, कधी रिकाम्या खिशात पाणी साचतं. म्हणून नुसतं काढतानाही स्नायू वर बांधणं, रिकामी पोकळी टाक्यांनी मिटवणं आणि काही दिवस दाबपट्टी लावणं हे योजनेत असायला हवं. ते नसेल तर विचारा.

काढणं किती अवघड जाईल हे पदार्थावर ठरतं. सिलिकॉन गुळगुळीत असतं, शरीर त्याभोवती पातळ आवरण तयार करतं आणि चीर दिली की ते सहसा अखंड बाहेर येतं. हनुवटीचं सिलिकॉन काही वेळा फक्त जागा बधिर करूनही काढतात. सच्छिद्र पॉलिएथिलीनमध्ये १०० ते २५० मायक्रॉनची छिद्रं असतात. त्यांत रक्तवाहिन्या आणि तंतू शिरल्यामुळे ते हलत नाही, हा त्याचा गुण. आणि काढताना ऊतींपासून खरवडून, तुकडे करत काढावं लागतं, हा त्याचा दोष. रक्तस्राव जास्त, सूज जास्त, मज्जातंतूला धोका जास्त. ते पूर्ण काढण्याऐवजी जागेवरच पातळ करणं, कड तासणं हा मार्ग काही वेळा पुरतो. पीक कडक आणि बिनछिद्री असतं, स्क्रूवर धरलेलं असतं; ते एकसंध निघतं, पण वाकत नाही, म्हणून चीर मोठी लागते किंवा ते कापून काढावं लागतं. विस्तारित पीटीएफई हा आणखी एक प्लास्टिकचा पदार्थ सिलिकॉन आणि सच्छिद्र पॉलिएथिलीन यांच्या मधला: थोडा धरतो, पण सुटतो.

बदलताना एक अडचण हमखास येते. मोठं काढून छोटं बसवलं की जुना खिसा त्याला मोठा पडतो, आणि नवं इम्प्लांट त्यात सरकतं. खिशाचा भाग टाक्यांनी बंद करणं किंवा स्क्रू लावणं, यांपैकी काहीतरी करावंच लागतं. सानुकूल, म्हणजे स्कॅनवरून खास तुमच्यासाठी बनवलेलं, इम्प्लांट करायचं असेल तर नवा सीटी जुनं इम्प्लांट आत असतानाचा चालतो का, की हाड झिजलं असल्यास ते काढून नंतर स्कॅन करावा लागेल, हे आधी स्पष्ट व्हायला हवं. झिजलेल्या हाडावर जुन्या स्कॅनवरून बनवलेला तुकडा हलता बसतो.

जंतुसंसर्ग झाला असेल तर गणित वेगळं. इम्प्लांटच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर एकदा बसला की प्रतिजैविकं तिथवर पोहोचत नाहीत. गोळ्या चालू असताना सूज उतरते, बंद केल्या की परत येते, असं एकदा झालं तरी हा संशय घ्यावा. अशा वेळी इम्प्लांट काढायचं, पू आणि ऊतींचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू ओळखण्याच्या तपासणीला, पाठवायचा, जागा धुवायची आणि साधारण ३ ते ६ महिने काहीही बसवायचं नाही. त्याच बैठकीत "जुनं काढून नवं घालतो" असं कोणी म्हणत असेल, तर दुसरं मत घ्या. संसर्गाचं मूळ अनेकदा किडलेल्या दाढेत किंवा सुजलेल्या हिरडीत असतं, म्हणून रिव्हिजनआधी दातांची कामं पूर्ण करा. पुढेही दंतवैद्याला इम्प्लांटची जागा सांगा, म्हणजे बधिर करण्याची सुई त्यात शिरणार नाही.

फिलरने झाकण्याचा पर्याय कमी लेखू नये. १-२ मिलिमीटरची पायरी, एका बाजूची थोडी कमतरता, कडेचा खळगा यांसाठी हायलुरॉनिक आम्लाचं फिलर पुरतं, आणि पटलं नाही तर हायलुरॉनिडेज या विकराचं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. "मोठं बदलून घेऊ का" या प्रश्नाची चाचणीही त्यानेच होते: २ आठवडे तो आकार चेहऱ्यावर वागवून पाहायचा. सुई मात्र इम्प्लांटला लागता कामा नये, कारण तिच्यासोबत जंतू आत जातात.

मन, आणि दुसरं मत

दिवसातला १ तासाहून अधिक वेळ याच विचारात जातो का? आरसा तपासणं किंवा आरसा टाळणं, फोटो मोठे करून पाहत राहणं, लोकांत जाणं सोडणं, यांतलं काही सुरू झालंय का? जवळची तीन माणसं दोष दाखवूनही ओळखू शकत नाहीत का? उत्तरं होकारार्थी असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. ही शरीरप्रतिमेच्या विकाराची लक्षणं असू शकतात. त्यात शस्त्रक्रियेने समाधान मिळत नाही, दोष फक्त जागा बदलतो. विचार-वर्तन उपचार आणि औषधं यांनी मात्र खरा आराम पडतो. हे तुमची तक्रार खोटी ठरवण्यासाठी नाही. इम्प्लांट खरोखर वाकडं असू शकतं आणि त्याच वेळी मनही आजारी असू शकतं. तेव्हा मन आधी, इम्प्लांट नंतर, एवढाच क्रम पाळायचा.

पहिल्या सर्जनकडे परत जाणं नको वाटलं तरी त्यांच्याकडून कागद घ्याच: शस्त्रक्रियेची नोंद, इम्प्लांटच्या वेष्टनावरचं स्टिकर, म्हणजे कंपनी, मॉडेल, माप, लॉट क्रमांक, आणि किती स्क्रू कुठे लावले. हे नसेल तर दुसरा सर्जन अंधारात चीर देतो. मत दोघांचं घ्या, आणि त्यातला एक तरी तोंड-जबड्याचा, म्हणजे मॅक्झिलोफेशियल सर्जन असावा, कारण हाड कापण्याचा पर्याय खुला ठेवणारा डॉक्टर समोर असला तरच चर्चा इम्प्लांटपुरती अडकत नाही. प्रश्न थेट विचारा. याच पदार्थाची इम्प्लांट तुम्ही किती काढली आहेत? माझ्यात दोष आकाराचा, जागेचा की स्नायूचा, आणि ते स्कॅनवर दाखवाल का? चीर जुन्याच जागी देणार का? हिरडीच्या बाजूला टाके धरण्याइतकी ऊती शिल्लक आहे का? स्नायू कशाला बांधणार? काहीच केलं नाही तर ५ वर्षांनी काय होईल? शेवटच्या प्रश्नावर "काहीच होणार नाही" असं प्रामाणिक उत्तर आलं, तर तोही एक पूर्ण पर्याय आहे.

शस्त्रक्रिया ठरलीच तर ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर तंबाखू आणि धूम्रपान पूर्ण बंद, निकोटिनच्या च्युइंगमसकट. दुसऱ्यांदा कापलेल्या ऊतींचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, आणि तोंडातली चीर उसवण्याचं हे मोठं कारण आहे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. आणि संमतिपत्रावर सही करण्याआधी त्यात तीन ओळी हाताने लिहून घ्या: आत पू दिसला तर नवं इम्प्लांट बसवायचं नाही, हाड ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झिजलेलं दिसलं तर काय करायचं, आणि ठरलेलं इम्प्लांट नीट टेकलं नाही तर नुसतं काढून टाके घालायचे की दुसरं माप वापरायचं. हे तिन्ही प्रसंग रिव्हिजनमध्ये खरोखर येतात, आणि ते येतात तेव्हा तुम्ही भुलीखाली असता.